रिव्हर क्रूझरच्या मॉडेलमध्ये पुन्हा पुन्हा पाणी शिरतंय? एपॉक्सी कालवण्याआधी वजनकाटा काढा

पहिल्या पावसाळ्यात माझ्या क्रूझरच्या तळात मी तीनदा एपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचं रेझिन, ओतलं. तिन्ही वेळा गळती थांबायच्या ऐवजी वाढली. चौथ्यांदा कालवायला घेतलं तेव्हा बायकोने विचारलं, "एवढं आत ओतताय, तिचं वजन किती झालं ते बघितलंत का?" बघितलं नव्हतं. काट्यावर ठेवली, तर नाव ठरवलेल्या वजनापेक्षा दोनशे ग्रॅमच्या वर गेली होती. तळाला चीर कधी नव्हतीच. पाणी मागून, पंख्याच्या दांड्याच्या म्हणजे शाफ्टच्या नळीतून येत होतं, आणि माझी प्रत्येक दुरुस्ती ती नळी आणखी पाण्याखाली ढकलत होती.

त्यानंतर मुंबईत परळच्या आमच्या गॅलरीत माझ्या दोन आणि ओळखीच्यांच्या सहा नावा याच तक्रारीसाठी येऊन गेल्या. आठांपैकी दोनच नावांचा तळ खरोखर उघडला होता. म्हणून खालचा क्रम सांगतोय. सोपं आणि फुकटचं आधी, करवत आणि रेझिन शेवटी.

आधी नदीतल्या बोटीची गोम

माझं मॉडेल 'गंगा विलास'वरून आहे. १३ जानेवारी २०२३ ला वाराणसीहून दिब्रुगढला निघालेली हीच ती क्रूझ. ५१ दिवसांचा, सुमारे ३,२०० किलोमीटरचा प्रवास. खरी बोट ६२ मीटर लांब, १२ मीटर रुंद, तीन डेकची, आणि पाण्याखाली जेमतेम १.४ मीटर. नदीत वाळूचे पट्टे असतात, म्हणून तळ असा उथळ ठेवावा लागतो.

आता हे १:७५ ला आणा. लांबी ८३ सेंटीमीटर, रुंदी १६, आणि पाण्याखालचा भाग १.९ सेंटीमीटरपेक्षाही किंचित कमी. तळ सरळ खोक्यासारखा धरला तर २,४७० घन सेंटीमीटर भरतो. नाळेचा (पुढच्या टोकाचा) आणि मागचा उतार वजा करून ८५ टक्के धरा, म्हणजे २,१०० ग्रॅम. बॅटरी, मोटर, रंग, तीन डेकच्या खिडक्या, सगळं धरून नावेने एवढंच वजन करायचं. त्यापुढे सुमारे १२० ग्रॅम वाढले की ती १ मिलिमीटर खाली बसते.

एक मिलिमीटरने काय होतं, हे स्टर्न ट्यूबपाशी, म्हणजे त्या शाफ्टच्या नळीपाशी, सांगतो. तिथेच सगळी मेख आहे.

लक्षणं

तुमच्या नावेला यातलं काय होतंय ते आधी कागदावर लिहा. "पाणी येतं" एवढ्यावरून काही कळत नाही.

- सुरुवातीची पाच-दहा मिनिटं ठीक, मग मागची बाजू बसते आणि वेग पडतो.
- वळण घेताना नाव एका कुशीवर जाते, सुकाणू सरळ केलं तरी उठत नाही, मग अचानक दुसऱ्या कुशीवर पडते.
- नुसती तरंगत ठेवली तर कोरडी, चालवली की ओली.
- चालवा नाहीतर ठेवा, पाणी सारखंच.
- तळात पाणी नाही, पण केबिनच्या काचांवर आतून थेंब.
- सगळं कोरडं वाटतं, पण बॅटरी पूर्वीच्या निम्म्या वेळात संपते आणि मोटर हाताला गरम लागते.

दुसऱ्या लक्षणाला लोक वजनाचा तोल बिघडला म्हणतात आणि एका बाजूला शिशाचे तुकडे चिकटवतात. असं करू नका. रुंद, सपाट तळात कपभर पाणी पसरलं तर नाव मिलिमीटरभरच खाली जाते, डोळ्याला दिसतही नाही. पण वळणावर ते सगळं पाणी एका बाजूला धावतं आणि नावेला घेऊन आडवं होतं. आमच्या मजल्यावरच्या पोराने "काका, बोट झोपली!" म्हणून हाक मारली तेव्हा आत फक्त चहाचा कप भरेल इतकंच पाणी होतं. शिसं लावून आपण फक्त पाण्यावर वजन चढवतो.

तपासणीची जागा

आमच्याकडे बाथटब कुठला! मुलांचा फुगवायचा पाच फुटी पूल गच्चीवर मांडायचा, त्यात चार-पाच बोटं पाणी. दहा बादल्या लागतात, म्हणून सकाळी नळ जायच्या आत भरून घ्यायचं आणि नंतर झाडांना घालायचं. सोसायटीच्या टाकीत नाव सोडायची कल्पना डोक्यातून काढा, ते पिण्याचं पाणी आहे. समुद्रावरही नको. खाऱ्या पाण्यात नाव थोडी वर तरंगते, त्यामुळे गळती लपते, आणि मोटरला मीठ लागतं ते वेगळंच.

१. वजन

स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा पुरतो. कोरडी नाव बॅटरीसकट मोजा. दहा मिनिटं स्थिर तरंगत ठेवा, बाहेरून जुन्या सुती बनियनने नीट पुसा, पुन्हा मोजा. मग आतून पूर्ण कोरडी करून दहा मिनिटं चालवा, पुसा, मोजा. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, त्यामुळे गळती किती हे सरळ आकड्यात मिळतं. तीन-चार ग्रॅमचा फरक सोडून द्या, तो पुसताना राहिलेला ओलावा असतो.

दोन्ही वेळा वाढ सारखी आली, तर भोक पाण्याच्या रेषेखाली आहे आणि नाव चालण्याशी त्याचा संबंध नाही. स्थिर असताना काही नाही आणि चालवल्यावर तीस ग्रॅम, तर झाकण, सुकाणू किंवा स्टर्न ट्यूब. दोन्ही वेळा शून्य आलं आणि तरी आत थेंब दिसतात, तर ते दव आहे. एसीच्या खोलीतून जुलैच्या दमट हवेत नाव आणली की चष्म्यावर धरते तसं काचांवर धरतं. अर्धा तास झाकण उघडं ठेवून गच्चीवर ठेवा. दुसरं काही करायचं नाही.

याच वेळी एकूण वजन ठरवलेल्या आकड्याशी ताडून बघा. १:७५ च्या माझ्या नावेला २,१०० ग्रॅम, तुमच्या नावेला तुमचा हिशोब. शंभर ग्रॅमच्या वर गेली असेल तर पुढची तपासणी करण्याआधी वजन उतरवा. मोठी बॅटरी काढून छोटी घाला, वरच्या डेकवरचं प्लायचं फर्निचर काढून हलक्या बाल्सा लाकडाचं करा. वरच्या मजल्यावरचं वजन दुहेरी नडतं, नाव बुडते आणि डुलतेही. एक नाव तर एवढ्यानेच बरी झाली. डेकवरच्या पितळी खुर्च्या काढल्या आणि गळती थांबली. मालक खुर्च्यांसाठी बरेच दिवस हळहळत होता.

२. झाकण

डेकच्या झाकणाच्या चारही कडांना इलेक्ट्रिकची टेप लावा आणि पुन्हा चालवा. पाणी बंद झालं तर वरून शिंतोडे येत होते. आतल्या बाजूने ६ ते ८ मिलिमीटर उंचीची पट्टी उभी करा, झाकण तिच्यावरून डब्याच्या झाकणासारखं बसलं पाहिजे. हे एका दुपारचं काम.

३. स्केचपेनचे ठिपके

पाणी कुठे साचलंय यावरून ते कुठून आलंय हे कळत नाही. सपाट तळात ते धावत सुटतं आणि सगळ्यात खोल कोपऱ्यात जाऊन बसतं. मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती धाकट्या मुलीच्या दप्तरातून आली. टिश्यू पेपरच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. प्रत्येकीवर साध्या, पाण्याने फुटणाऱ्या स्केचपेनने दोन-दोन सेंटीमीटरवर ठिपके काढा आणि कडेला बॉलपेनने नंबर घाला. शाफ्टच्या नळीभोवती, सुकाणूच्या नळीभोवती, तळ आणि कड जुळतात त्या सांध्यावर, मधल्या कण्यावर अशा त्या अंथरा. फिरत्या शाफ्टपासून मात्र दूर ठेवा, नाहीतर कागद कपलिंगला (मोटर आणि शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्याला) गुंडाळला जातो.

मग नाव फक्त दोन मिनिटं पाण्यात ठेवायची. दहा मिनिटं ठेवलीत तर सगळेच ठिपके फुटतात आणि काहीच कळत नाही. पहिला फुटलेला ठिपका म्हणजे उगम, आणि शाई ज्या दिशेने ओघळली तो पाण्याचा रस्ता. एका नावेत मालकाला नाळेत भोक असल्याची खात्री होती, कारण पाणी कायम पुढे सापडायचं. ठिपके फुटले मागे, सुकाणूपाशी. ती नाव बॅटरीमुळे नाकावर झुकलेली होती, एवढंच.

४. सुकाणूची नळी

उथळ नावेत सुकाणूची नळी आखूड असते आणि तिचं वरचं तोंड पाण्याच्या रेषेच्या जेमतेम वर येतं. वेगात मागची बाजू दबली की पाणी नळीतून सरळ आत. नळीवर घट्ट बसणारी सिलिकॉनची इंधननळी दीड सेंटीमीटर वर येईल अशी चढवा आणि आत थोडं ग्रीस भरा. नळी आणि तळ यांच्या सांध्यात चीर असेल तर मात्र पुढचं सगळं वाचा.

५. स्टर्न ट्यूब

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक वेळा दोषी हीच असते.

समुद्रात चालणाऱ्या टगच्या (जहाजं ओढणाऱ्या बोटीच्या) मॉडेलला पोट खोल असतं. शाफ्टची नळी बाहेर पाण्याखाली आणि आतलं तोंड पाण्याच्या रेषेच्या बरंच वर. नळीत पाणी शिरलं तरी चढून आत येत नाही. नदीच्या बोटीत ही चैन नाही. माझी नळी १५ सेंटीमीटरची आहे, तिरकी पाच अंशांत. म्हणजे ती एकूण वर चढते फक्त १३ मिलिमीटर. बाहेरचं तोंड पाण्याखाली १२ मिलिमीटर. हिशोब करा: आतलं तोंड पाण्याच्या वर उरतं १ मिलिमीटर. सव्वाशे ग्रॅम जास्तीचं एपॉक्सी ओतलं की तो मिलिमीटर गेला. मी दोनशे ओतलं होतं.

म्हणून अशा नावेत नळीतल्या ग्रीसवरच सगळी भिस्त असते. तपासणी या क्रमाने.

पंखा बोटाने फिरवा. एकसारखा, जडपणा न जाणवता फिरला पाहिजे. एका ठिकाणी अडखळत असेल तर शाफ्ट वाकला आहे किंवा मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत. शाफ्टचं टोक चिमटीत धरून वर-खाली हलवा. खुळखुळ जाणवली तर बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो तो नळीतला छल्ला, झिजला आहे, आणि झिजलेल्या बुशमधलं ग्रीस एका फेरीत धुऊन जातं. दर रविवारी ग्रीस भरत बसणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी घालणं.

बुश का झिजतो, हे बघितलं नाही तर नवा बुशही महिन्यात जातो. मोटर अर्धा मिलिमीटर जरी बाजूला बसली असेल तरी कपलिंग प्रत्येक फेऱ्याला शाफ्टला ढकलतं आणि गोल भोक लंबगोल करतं. मोटरचे स्क्रू ढिले करा, कपलिंगच्या जागी दोन्ही दांड्यांवर बसेल अशी सरळ पितळी नळी घाला आणि त्या अवस्थेत मोटर कसा. मग नळी काढून कपलिंग लावा. नाव पाण्याबाहेर ठेवून, शाफ्ट जोडलेल्या मोटरचा करंट मल्टिमीटरवर आधी आणि नंतर बघा. माझ्या एका नावेत तो जवळजवळ निम्मा झाला. बॅटरी लवकर संपण्याचं सहावं लक्षण हेच होतं.

ग्रीस पाण्यात न विरघळणारं, घट्ट, मरीन कामाचं घ्या. व्हॅसलीन मुंबईच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात पातळ होऊन तळात उतरतं. नळीच्या मधोमध उभी बारीक नळी डाग देऊन बसवलेली असेल तर ग्रीस सिरिंजने तिथून भरा, बाहेरच्या टोकातून ग्रीसची तार निघेपर्यंत. नसेल तर शाफ्ट बाहेर काढून भरावं लागतं.

बुश, ओ-रिंग, ऑइल सील नागदेवीला सुटे मिळतात. जाताना शाफ्ट बरोबर न्या. "चार एमएम" असं तोंडी सांगून आणलेला बुश मला दोनदा परत करावा लागला, कारण माझा शाफ्ट झिजून तीन-नव्वद झाला होता. मल्टिमीटर आणि वायरी लॅमिंग्टन रोडला.

६. उलटी परीक्षा

एवढं करूनही काटा वाढ दाखवत असेल तर सगळे इलेक्ट्रॉनिक्स बाहेर काढा. टॉवेलची घडी अंथरून नाव तिच्यावर ठेवा, बाहेरून कोरडी करा, सांध्यांवर शाळेचा पांढरा खडू आडवा फिरवा आणि आतमध्ये पाणी भरा. फक्त नेहमीच्या पाण्याच्या रेषेपर्यंत. काठोकाठ भरलंत तर पातळ तळ फुगतो आणि नसलेली चीर तयार होते.

जिथून पाणी बाहेर झिरपतं तिथे खडू गडद होतो. माझ्या दोन खऱ्या गळत्यांपैकी एक अशीच सापडली. स्टर्न ट्यूब जिथे तळातून बाहेर पडते तिथे केसाएवढी रेघ होती. महिनाभर मी तिला रंगाची चीर समजत होतो. मोटरच्या थरथरीने तिथला जोड सुटला होता.

७. तळ आणि पावसाळा

आता एपॉक्सीची पाळी.

जून ते सप्टेंबर मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या पुढे दमट राहते. ६५ टक्के आर्द्रतेत लाकडात सुमारे १२ टक्के ओल असते, ८५ टक्क्यांत ती १८ च्या आसपास जाते. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत फुगतं. फ्रेमला चिकटवलेल्या पट्ट्यांना फुगायला जागा नसते, मग एकमेकींना रेटतात आणि सांधा उचलतो. ऑक्टोबरच्या उन्हात आकसतात आणि तिथेच फट पडते. म्हणून तळाची गळती पावसाळ्यात सुरू होत नाही, दिवाळीच्या सुमारास होते. गोदीत नोकरी केलेले शेजारचे नाना म्हणायचे की होडी पाण्यात ठेव, फुगून बसेल. जाड फळ्यांच्या होडीला ते लागू आहे. दीड मिलिमीटरच्या पट्ट्या फुगून बसत नाहीत, कमान टाकतात.

ओल्या लाकडावर एपॉक्सी लावायचं नाही. नाव सुकली की नाही हे हाताने कळत नाही, काट्याने कळतं. पंख्याखाली ठेवा आणि रोज एकाच वेळी मोजा. सलग तीन दिवस आकडा तोच आला की सुकली. माझ्या नावेला ऑगस्टमध्ये अकरा दिवस लागले.

मग सांध्याच्या दोन्ही बाजूंनी बोटभर रंग खरवडा, जुनं सुटलेलं एपॉक्सी काढा. पाच मिनिटांत धरणारं नको, ते पाण्यात तितकं टिकत नाही. रात्रभर धरणारं घ्या, बाहेरून लावा, वर हलक्या काचकापडाची पट्टी. आत ओतू नका. एपॉक्सी लावण्याआधी आणि नंतर नाव मोजायची, फरक पंधरा-वीस ग्रॅमच्या वर जाता कामा नये. दमट दिवसात पहिल्या थरावर मेणचट साय धरते. ती साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुतल्याशिवाय दुसरा थर लावला तर तो सालपटासारखा निघतो.

पट्ट्या कशाने चिकटवल्या होत्या हेही आठवा. साधा पांढरा सुतारी गोंद पाण्यात मऊ पडतो. प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असेल तर ते मरीन, नसेल तर उरलेला तुकडा तासभर उकळत्या पाण्यात टाकून बघा. थर सुटले तर तुमच्या तळाचं भवितव्य तुम्हाला पातेल्यातच दिसेल.

इथे थांबा

सांधे नव्हे, प्लायचे थरच सुटू लागले असतील, किंवा सपाट टेबलावर ठेवल्यावर नाव दोन टोकांवर डुगडुगत असेल, तर तळ पिळवटला आहे. घरी तो सरळ होत नाही. फायबरचं काम करणाऱ्याकडे न्या, जुन्या तळावरून साचा काढून नवा तळ करणं स्वस्त पडतं.

स्टर्न ट्यूब आतून लंबगोल झाली असेल तर लेथवाल्याकडे. हाताने ड्रिल फिरवून भोक मोठं करायला जाऊ नका, ते तिरकं होतं आणि मग नळीच बदलावी लागते. मी केलं आहे. गाळ्यातल्या कारागिराने बुश अर्ध्या तासात काढून दिला आणि माझं ड्रिलिंग बघून फक्त हसला.

नाव तलावाच्या मध्यावर बंद पडली तर पाण्यात उतरायचं नाही. पवई तलावात मगरी आहेत. इतर तलावांत गाळ आहे आणि विहिरींना पायऱ्याच असतील असं नाही. पहिल्या फेरीला मागच्या खुंटीला मासेमारीची दोरी बांधून ठेवा.

लिथियम-पॉलिमर बॅटरी भिजली असेल, फुगली असेल किंवा तिला गोडसर वास येत असेल तर ती पुन्हा चार्जरला लावू नका, "एकदा बघू" म्हणूनही नाही. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका. घराबाहेर, कुंडीतल्या कोरड्या वाळूवर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. चार्जरमध्ये पाणी गेलं असेल तर खटका बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा, स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका.